सरोवराकाठची नोंद

अमेरिकेत ओहायो राज्यात ईरी सरोवराकाठी सँडस्की हे लहानसं बंदर आहे. पळालेले गुलाम इथवर यायचे. पाण्यापलीकडं कॅनडा, म्हणजे सुटका. १८५० च्या कायद्यानं त्यांना मुक्त राज्यातूनही धरून नेता येई. १८५२ मध्ये रश स्लोन या गोऱ्या वकिलानं धरलेल्यांना सोडवलं. १८५४ मध्ये कोर्टानं त्याला ३ हजार डॉलरचा भुर्दंड बसवला. त्याचं घर आज ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदलेलं आहे.

नोंद रास्तच. पण गिरणीत राबणारा मी विचारतो, पळणारा कुणाच्या पायांनी पळाला? स्वतःच्याच ना! त्याला आसरा दिला तिथल्या काळ्यांच्या बाप्टिस्ट चर्चनं. त्या पळणाऱ्यांचं साखळदंडांचं शिल्प बंदराकाठी उभं राहायला २००७ साल उजाडलं.

जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना. म्हणून ते सरोवर आपल्याला परकं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांमागं हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली. त्यातली किती नावं आपल्याला ठाऊक आहेत?

दोस्तांनो, गावोगाव जा. म्हाताऱ्यांनी आईबापाकडून ऐकलेली नावं वहीत उतरवा. सरकारी पाटी लागेल तेव्हा लागेल.