आमच्या गावाचा समुद्र

मराठवाड्यातल्या पोरांचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ धड दिसत नाही, वारा सुटला तर बारीक लाटाही येतात, शिवाय नावातच 'सागर' आहे. माझ्या दोन्ही मुलांनी बरीच वर्षं हे मान्य केलं होतं. पण वर्गातल्या निम्म्या पोरांचं गोवा, अंदमान, झालंच तर बाली करून झालं आणि आमच्या घरात रीतसर मोर्चा निघाला. बेट पाहिजे, बीच पाहिजे, वाळूत किल्ला करायचाय. खिसा आणि शिल्लक रजा दोन्ही चाचपून आम्ही दिवाळीच्या सुट्टीत मुरूडला गेलो. बेट, बीच आणि आयता बांधून ठेवलेला किल्ला, तिन्ही एकाच गावात.

प्रवासवर्णन लिहीत बसत नाही. सुरूची झाडं, ओली काळपट वाळू, सोलकढी, आणि "बास झालं आता, बाहेर ये" असा दिवसभराचा आमचा गजर... ज्यांनी पोरं घेऊन कोकण केलंय त्यांना हे पाठ असेल. लिहायचंय ते वेगळं. आमच्या गावापासून सुमारे ४०० किलोमीटरवर, भर समुद्रात असलेल्या त्या बेटाचा आमच्या गावाशी इतका जवळचा संबंध आहे, की मला तर तो आता आमचाच समुद्र वाटतो. खडकी ज्याने राजधानी म्हणून वसवली तो, त्या खडकीचं औरंगाबाद ज्याने केलं तो, आणि आज गाव ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते, या तिघांनाही त्या बेटाशी काही ना काही देणंघेणं होतं.

आधी नावाचं. 'जंजिरा' हा अरबी 'जझीरा'चा आपण केलेला मराठी अवतार. जझीरा म्हणजे बेट. 'अल जझीरा' वाहिनीच्या नावातला शब्द तोच. त्यामुळे 'जंजिरा बेट' म्हणणं हे 'बेट बेट' म्हणण्यासारखं आहे. (हे ऐकल्यावर धाकटा पुढचे दोन दिवस 'बेटबेट'च म्हणत होता.)

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटते. वारा असेल तसं जायचं. किल्ल्याजवळ पोचेपर्यंत दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही; तटाची एक सलग काळी भिंत दिसते, आणि होडी अगदी अंगाशी गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा उघडतो. हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकताना सासूबाईंनी सगळ्या देवांना एकदम हाक मारली, पण उतरल्या. वाटाड्याने लगेच पट्टी सुरू केली. बावीस एकर जागा, बावीस वर्षं बांधकाम, बावीस बुरूज. इतके सगळे बावीस एकत्र आले की मला जरा शंका येते. पण पुढे तो म्हणाला, "आणि ताई, हा किल्ला बांधला मलिक अंबरने."

थोरली चटकन वळली. "आपला मलिक अंबर? भडकल गेटवाला?"

आपलाच. किल्ला मात्र त्याने बांधलेला नाही. आधी या खडकावर राजपुरीच्या कोळ्यांचा मेढेकोट होता, म्हणजे लाकडी मेढी रोवून केलेलं कुंपण. चाचे आले की बायकापोरांना घेऊन तिथे शिरायचं. रामा पाटील हा त्यांचा म्होरक्या. दंतकथा अशी की निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, दारूची पिंपं भेट दिली, कोळी झिंगले आणि पिंपांतून सैनिक बाहेर पडले. (मुलांना ही गोष्ट बेहद्द आवडली. 'ट्रॉय'मध्ये घोडा, आपल्याकडे पिंप.) मग निजामशाहीने तिथे दगडी किल्ला उभा केला, साधारण १५६७ ते १५७१ या काळात. अंबर दख्खनेत आला तो १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला. किल्ल्याचा चुना वाळत होता तेव्हा हा पोरगा नुकता विकायला आलेला होता.

याच्यापाशी मला थोडं थांबायचंय.

त्याचं मूळ नाव चापू. जन्म इथिओपियात, १५४८ च्या सुमाराचा. लढाईत पकडला गेला की गरिबीपायी आईबापांनीच विकला, याबद्दल दोन मतं आहेत. पीटर व्हॅन डेन ब्रुक नावाचा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. त्याने लिहून ठेवलंय, की तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात हा ८० गिल्डरांना विकला गेला. तिथून बगदाद. तिथल्या व्यापाऱ्याने त्याला मुसलमान केलं, लिहायवाचायला शिकवलं आणि 'अंबर' हे नाव दिलं. तिथून समुद्रमार्गे दख्खन. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे (गंमत तरी कसली) हा चंगीझखान स्वतःही एके काळचा हबशी गुलामच. त्याच्याकडे असे हजारभर हबशी होते म्हणतात.

एवढ्या लांबून, एवढा खर्च करून पोरं का आणायची? इथे माणसं नव्हती का? होती, पण त्यांना घरदार होतं. दख्खनच्या दरबारांत इथले आणि इराणकडून आलेले अशी कायमची ओढाताण चाले. प्रत्येक सरदारामागे भाऊबंद, वतन, जातगोत. कोण कधी कोणाकडे जाईल याचा नेम नाही. हजारो मैलांवरून आणलेल्या हबशी पोराला यातलं काहीच नाही. त्याला नाती नाहीत, परतीची वाट नाही. मालक हेच त्याचं घर. घरापासून तोडलेलं असणं, हीच बाजारात त्याची किंमत होती. घोडा, तलवार, हिशेब हे सगळं नंतर शिकवता येत होतं.

हे मी मुलांना किल्ल्यातल्या तळ्याच्या काठावर बसून सांगितलं, अर्थात थोडं मवाळ करून. थोरलीचा प्रश्न आला, "मग तो परत कधी आईला भेटला का?" जेवढं वाचलंय त्यात तरी अशी भेट कुठे नाही, असं म्हटलं. ती काही बोलली नाही. समोर वाऱ्यावर पुढची होडी येत होती, तिच्यात पिवळी लाइफ जॅकेटं घातलेली पोरं ओरडत होती.

चंगीझखान १५७५ च्या आसपास मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. पुढची वीसएक वर्षं तो विजापूरकरांकडे आणि इकडेतिकडे नोकरी करत फिरला. 'मलिक' हा किताब विजापूरचाच. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं, आणि या माणसाने परंड्याला नवा निजामशहा गादीवर बसवून पुढे पंचवीस वर्षं मोगलांना झुंजवलं. मालोजी आणि शहाजी हे वेरूळचे भोसले याच निजामशाहीचे सरदार. जहांगीर बादशहाला अंबर काही जिंकता येईना, तेव्हा त्याने चित्र काढवून घेतलं. भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बादशहा बाण मारतोय! चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. मुंडकं मात्र शेवटपर्यंत धडावरच राहिलं.

१६१० मध्ये त्याने खडकीला राजधानी वसवली. मोगलांनी १६१६ मध्ये ती जाळली, याने पुन्हा उभी केली. आणि आम्हाला ज्याचं सगळ्यात अप्रूप वाटायला हवं ते म्हणजे पाणी. डोंगराकडून जमिनीखालून, कसलाही पंप नाही, नुसत्या उतारावर आणि मधूनमधून उभारलेल्या मनोऱ्यांवर चालणारी नहर-ए-अंबरी. आमच्या शहरात गेली कित्येक वर्षं नळाला काही-काही दिवसांआड पाणी येतं. आमच्या घरात पाण्याचा वार आधी विचारतात, मग सणवार. त्यामुळे भर समुद्रातल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याची दोन मोठी तळी पाहिल्यावर नवऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "इथे पाणी आहे बघ." खाऱ्या पाण्यात गोडं पाणी टिकवणारे आणि खडकाळ गावात डोंगरातलं पाणी आणणारे एकाच राज्याचे लोक होते. (कळस म्हणजे ती नहर आम्ही बुजू दिली. असो.)

आता बेटाचा आणि अंबरचा खरा संबंध. किल्ला त्याने बांधला नाही, पण त्यावर कोण बसणार हे त्याने ठरवलं. १६१८ नंतर तीनेक वर्षांत त्याने तिथे एकामागून एक सिद्दी सरदार नेमले. १६२१ मध्ये आलेला सिद्दी अंबर, (हा दुसरा अंबर बरं का, वाटाड्यांचा गोंधळ बहुधा यानेच होतो) त्याच्यापासून जंजिऱ्याच्या सिद्द्यांची सत्ता सुरू झाली असं धरतात. खडकीतला एक हबशी समुद्रावरच्या दुसऱ्या हबश्याला किल्ला देतो, आणि तो किल्ला पुढे तीनशे वर्षं कोणालाही जिंकता येत नाही. निजामशाही बुडाली, आदिलशाही बुडाली, बेट तसंच.

महाराजांनी किती वेळा प्रयत्न केला हे शाळेच्या पुस्तकात आहेच. समोरच कासा नावाच्या खडकावर त्यांनी पद्मदुर्ग बांधला. मुरूडच्या किनाऱ्यावरून तो दिसतो, आणि मुलांनी वाळूत केलेल्या जंजिऱ्यासमोर एक पद्मदुर्गही झाला. बखरीतली लाय पाटलाची गोष्ट मुलांना मी रात्री सांगितली. मध्यरात्री तटाला शिड्या लावून बसलेला कोळी, ज्याच्यामागून वेळेवर फौज आलीच नाही. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, तर हा म्हणाला की समुद्रावर पालखी घेऊन करू काय. मग महाराजांनी गलबत दिलं आणि त्याचंच नाव 'पालखी' ठेवलं, असं सांगतात.

१६७० च्या सुमारास जंजिऱ्यावरचा फत्तेखान किल्ला महाराजांना द्यायला निघाला होता. त्याच्याच माणसांनी त्याला कैद केलं आणि बेट औरंगजेबाच्या चाकरीत गेलं. याकूतखान हा किताब आणि बादशाही आरमार त्यांना तेव्हापासूनचं. औरंगजेबाने आमच्या गावाला आपलं नाव दिलं होतं १६५३ मध्ये, सुभेदार असताना. म्हणजे गाव आणि बेट दोन्ही अंबरच्या हातून निघून एकाच धन्याकडे गेली.

आणि मग १६८१-८२ चा हिवाळा. संभाजीराजे जंजिऱ्यासमोर ठाण मांडून होते. तोफांनी तट पडेना तेव्हा त्यांनी राजपुरीकडून बेटापर्यंत दगड टाकून समुद्रच भरायला घेतला. परतीच्या होडीत धाकट्याने पाण्याकडे बघत विचारलं, "इतका समुद्र भरायला किती दगड लागतील?" नावाडी म्हणाला, "राजांनी हिशेब केला असणार ना बाळा." काम चालू असताना मोगल सरदार हसनअलीखान कल्याण-भिवंडीत उतरला, आणि राजांना बरीचशी फौज घेऊन तिकडे वळावं लागलं. त्याच मार्च महिन्यात खुद्द औरंगजेब येऊन पोचला होता तो औरंगाबादेत. तो आमच्या गावात, राजे त्या बेटासमोर नुकते उठलेले. २०२३ मध्ये गावाचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा नावावरून पुष्कळ बोललं गेलं, दोन्ही बाजूंनी. त्या सगळ्या बोलण्यात हा हिवाळा मला कुठे ऐकू आला नाही. अंबर तर त्याहून नाही. ज्याने गाव वसवलं त्याचं नाव गावाला कधीच मिळालं नाही आणि त्याच्यासाठी कोणी भांडलंही नाही. त्याला मागे भाऊबंद नव्हते हे तेव्हाही खरं, आताही खरंच.

जंजिरा संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये विलीन झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाच्या राज्याबरोबर आमचं गावही भारतात आलं.

अंबरची कबर खुलताबादला आहे. औरंगजेबाच्या कबरीला बस भरभरून लोक जातात, इकडे फारसं कोणी वळत नाही. जवळच त्याची बायको बीबी करीमा हिची कबर आहे. त्याच्या एका मुलाचं नाव फत्तेखान. बाप १६२६ मध्ये गेल्यावर याने खडकीचं फतेहनगर केलं आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. दुसऱ्या मुलाचं नाव अंबरने चंगीझखान ठेवलं होतं.