पुढच्या पायरीवरचा शिक्षक

इतिहासाचा अभ्यासक कागदावर जगतो. ज्या गोष्टीचा हजेरीपट नाही आणि ज्या गोष्टीसाठी कोणी वर्गणीची पावती फाडली नाही, ती त्याच्या लेखी घडलीच नाही असे होऊन बसते. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणांनी आपल्याहून चारसहा वर्षांनी लहान असलेल्या मुलामुलींस थोडे दिवस, परीक्षेशी संबंध नसलेले असे काही शिकवावे, ही गोष्ट याच जातीची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९५७ साली शाळकरी मुलांकरिता असा उपक्रम आरंभिला, म्हणून त्याचे साल तरी सांगता येते. आमच्या सातारा-सांगलीकडे तीच गोष्ट नाव न घेता किती काळ चालत आली, हे कोणत्याही दप्तरात सापडावयाचे नाही.

तिचा माग काढावयाचा तर प्रारंभ मुंबईपासून करावा लागतो. १८४८ साली डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. त्याच वर्षी मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापिली, आणि पुढल्या वर्षी तिच्या सभासदांनी मुलींच्या शाळा काढून तेथे सकाळच्या वेळी स्वतः विनावेतन शिकविण्यास सुरुवात केली. दादाभाई नौरोजींसारखे तरुण त्यात अग्रभागी होते. मुली वयाने अगदी लहान होत्या हे खरे. पण तत्त्व तेच. केंब्रिज विद्यापीठाने जेम्स स्टुअर्टच्या खटपटीने १८७३ साली गावोगाव व्याख्याने सुरू केली, त्याचे कौतुक आम्ही इंग्रजी शिकलेल्या लोकांनी पुष्कळ केले. आमच्याच मुलांनी पंचवीस वर्षे आधी काय केले होते, ते मात्र आम्हांस कोणी परीक्षेत विचारले नाही!

परंतु मुंबईच्या त्या प्रयत्नास एक मर्यादा होती. शिकविणारे व शिकणारे बव्हंशी एकाच नागर वर्गातले होते. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर १८८१ साली, पंचविशीही उलटली नसता, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक झाले; तथापि त्यांची विद्याही पुण्यातच राहिली. कृष्णाकाठच्या कुणब्याच्या पोरास आपल्यातलाच एक जण पुढच्या पायरीवर उभा असलेला दिसावा, हे व्हावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

ते घडविले भाऊराव पाटलांनी. आणि नवल असे की ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. साताऱ्यात खासगी शिकवण्या करीत असता लोक त्यांस 'पाटील मास्तर' म्हणत. आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या दुधगावी १९१० साली निघालेला विद्यार्थी आश्रम, १९१९ साली काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था, १९२४ सालचे साताऱ्याचे वसतिगृह आणि १९४७ सालचे शिवाजी कॉलेज, ही परंपरा सर्वश्रुत आहे. तीत सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, याचेच वर्णन सर्वत्र असते व ते योग्यच आहे. मला मात्र त्या वसतिगृहांची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. वेगवेगळ्या इयत्तांची मुले जेथे एका छपराखाली राहतात, तेथे वरच्या इयत्तेतला मुलगा खालच्यास दिव्यापाशी घेऊन बसतो. त्यास नियम लागत नाही, की वेतन लागत नाही. त्या धाकट्यास शिकविणाऱ्यात आपलाच चार वर्षांनंतरचा चेहरा दिसतो, आणि तोच खरा धडा होय.

१९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, तेव्हा हेच काम मैदानावर आले. खेळ आटोपले की 'बौद्धिक' व्हावयाचे. बोलणारा पुष्कळदा कॉलेजचा विद्यार्थी, ऐकणारी शाळेतली पोरे. विषय स्वातंत्र्याचा, जातिभेदाचा, समाजवादाचा. कोणी म्हणेल, हा प्रचार होता, शिक्षण नव्हे. असेलही. पण प्रतिसरकारच्या काळात सातारा जिल्ह्यातील तरुणांनी जे धाडस केले, त्याची तयारी केवळ शाळेच्या बाकावर झाली असे मला वाटत नाही.

१९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली; ती प्रौढांसाठी होती, तिच्यात मोजदाद होती, ग्रामगौरवाचे समारंभ होते, म्हणून ती नोंदली गेली. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना आली आणि विद्यार्थ्यांची शिबिरे खेड्यात भरू लागली.

अशाच एका शिबिरात १९८९ साली मी जत तालुक्यातील एका गावी गेलो होतो. सकाळी रस्त्याचे काम, दुपारी आठवी-नववीच्या मुलांचा वर्ग. मजकडे इतिहास होता. दुसऱ्याच दिवशी एका मुलीने विचारले, "दादा, आमच्या गावाचा इतिहास कुठल्या पुस्तकात आहे?" मी निरुत्तर झालो. मग वर्ग विहिरीवर नेला. तेथे एक दगड बसविलेला होता. अक्षरे कानडी, मला एकही लागेना. ती मुलगी पहिल्या इयत्ता कानडी शाळेत शिकलेली. तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचले, विहीर बांधणाऱ्याचे नाव सांगितले, आणि माझ्या वहीत ते देवनागरीत लिहून दिले. मी इतिहासाचा विषय घेतला तो त्या दुपारी.

सात दिवस संपले, आम्ही परतलो. दुसऱ्या वर्षी चौकशी केली तेव्हा कळले की नववीनंतर तिचे नाव शाळेतून काढले होते. अशा वर्गांची स्तुती ऐकताना मला ही गोष्ट आठवते आणि भाऊरावांनी वसतिगृहाचाच हट्ट का धरला ते समजते. अल्पकालीन वर्ग भूक लावतो. जेवणाची सोय दुसऱ्याने करावी लागते. आमच्याजवळ ती नव्हती, आणि ती असावी असे आम्हांपैकी कोणाच्या मनातही आले नाही.

शिबिराचा छापील अहवाल अद्याप माझ्यापाशी आहे. रस्त्याची लांबी त्यात फुटांत दिलेली आहे. दुपारच्या वर्गाचा उल्लेख नाही.