जुवाखालचा देव
प्राचीन इजिप्तमध्ये मेम्फिसचा आपिस बैल हे प्ताह देवाचे जिवंत रूप मानले जाई. मृत्यूनंतर त्याची ममी करून सक्कारा येथे दफन होई. १८५१ साली मारिएत या फ्रेंच संशोधकाने तेथील भुयारे उघडली, तेव्हा आत प्रचंड दगडी शवपेट्या होत्या.

गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा परिसर भातशेतीचा. इथे रोवणी उरकली की श्रावण अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी खांदशेकणी : जुवाने सोललेले खांदे हळद-तुपाने शेकायचे. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास.

आपिस देवळात राहून पूजा घेई. आपला बैल चिखलात राबून देवपणाला पोचतो. हा नैवेद्य म्हणजे ऋणाची कबुली. आता चिखलणीला ट्रॅक्टर आला. गोठा रिकामा झाल्यावर मातीच्या बैलापुढे ठेवलेल्या घासात ही कबुली उरेल का?