बेनेडिक्टच्या मठाचे दार

सहाव्या शतकातला इटली देश म्हणजे घरदार सुटलेल्या माणसांचा देश. रोमची पश्चिमेकडची बादशाही ४७६ साली संपली. पुढे ५३५ पासून ५५४ पर्यंत पूर्वेच्या सम्राटाच्या फौजा आणि गॉथ लोक एकमेकांशी झुंजले. शेते ओस पडली, दुष्काळ आला. अशा दिवसांत तिन्हीसांजेला कोणी दार ठोठावले, तर उघडावे की नाही? खेड्यात राहणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान माँते कासिनो नावाचा डोंगर आहे. तेथे संत बेनेडिक्टने ५२९ च्या सुमारास मठ स्थापिला, अशी परंपरा आहे. मठवासीयांसाठी त्याने लॅटिनमध्ये एक नियमावली लिहिली. तिची प्रकरणे ७३. झोपावे केव्हा, जेवावे किती, सगळे त्यात आले. सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. त्या वाचताना वाटते, मान खाली घालून वडीलधाऱ्यांचे ऐकावे, झाली नम्रता! पण मला विचाराल तर तिची खरी कसोटी पुढे आहे, दाराशी.

त्रेपन्नावे प्रकरण सांगते की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त आला असे मानून करावे. मठाधिपतीने स्वतः त्याच्या हातांवर पाणी घालावे, सगळ्यांनी मिळून त्याचे पाय धुवावेत. मठाधिपतीचा उपवास असला तरी, मोठा नेमाचा दिवस सोडल्यास, पाहुण्यासाठी तो मोडावा. गरीब आणि यात्रेकरू यांची काळजी सर्वांत जास्त घ्यावी. श्रीमंताचा मान काय, त्याचा दरारा पाहून लोक आपणच राखतात! आता, बेनेडिक्ट भोळा नव्हता बरं का. आधी पाहुण्याबरोबर प्रार्थना करावी, मगच आलिंगन द्यावे, एवढी सावधगिरी त्याने सांगून ठेवली.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते एकसष्टावे प्रकरण. परमुलखातला एखादा मठवासी पाहुणा आला आणि त्याने नम्रपणे, सकारण इथली काही उणीव दाखवली, तर काय करावे? ‘तू कोण सांगणारा?’ असे आपण म्हणू. मठाधिपतीने मात्र विचार करावा, की देवाने याला मुद्दाम याचसाठी तर धाडले नसेल? पाहुणा हेकट किंवा दुर्वर्तनी निघाला, तर त्याला सभ्यपणे निरोप द्यावा.

कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात कसे होते? ५९३ च्या सुमारास पोप ग्रेगरीने बेनेडिक्टच्या आठवणी लिहिल्या. त्यात एक हकिगत आहे. दुष्काळात अगापितुस नावाचा चर्चचा एक कनिष्ठ सेवक थोडे तेल मागायला आला. मठात काचेच्या एका भांड्यात अगदी थोडे तेल उरले होते. बेनेडिक्ट म्हणाला, देऊन टाका. कोठाऱ्याने दिले नाही. दिले तर आपल्या बांधवांना काही उरणार नाही, हे त्याचे कारण. घर चालवणाऱ्या कोणालाही ते पटेल. बेनेडिक्ट संतापला. आज्ञा मोडून राखलेली वस्तू मठात नको म्हणून त्याने ते भांडे खिडकीतून खाली फेकायला लावले. खाली खडक, तरी भांडे फुटले नाही, असे ग्रेगरी लिहितो. चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. तेल अगापितुसला मिळाले. मग सगळ्यांना जमवून बेनेडिक्टने कोठाऱ्याला बोल लावला. त्याच्या काटकसरीला त्याने दोन नावे दिली. एक अविश्वास, आणि दुसरे गर्व.