शिसपेन्सिलीत शिसं कुठंय?

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

मागच्या रविवारी ताईचा फोन आला. खेळता खेळता भाचीच्या तळहातात पेन्सिलीचं टोक घुसलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, शिसं अंगात गेलं, आता विष भिनणार." झालं! पोरगी रडून रडून लाल. मी व्हिडिओ कॉलवर तिला माझा तळहात दाखवला. तिसरीत असताना बाकावरच्या भांडणात मलाही असंच टोक लागलं होतं. त्याचा करडा ठिपका अजून तिथेच आहे. तेव्हा मीपण दोन रात्री मरायची वाट बघत जागा होतो. म्हटलं, "बघ, वीस वर्षं झाली, मामा जिवंत आहे."

ती हसली आणि लगेच म्हणाली, "मग मामा, तिला शिसपेन्सिल का म्हणतात?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. कारण पेन्सिलीच्या आत शिसं नाहीये. कधीच नव्हतं. आत असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, आणि त्यात मिसळलेली चिकणमाती. मग हे नाव आलं कुठून?

त्यासाठी इंग्लंडच्या उत्तरेला जावं लागेल. तिथे बॉरोडेल नावाचं खोरं आहे. 16व्या शतकात तिथल्या डोंगरात काळं, मऊ, हाताला गुळगुळीत लागणारं एक खनिज सापडलं. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करायचे, असं सांगतात. कागदावरही ते झकास उमटायचं. लोकांनी त्याच्या कांड्या कापल्या आणि लाकडात बसवल्या. 1565 मध्ये झुरिकच्या कोनराड गेस्नरने आपल्या पुस्तकात अशा लेखणीचं चित्रसुद्धा छापलं.

पण हे खनिज नेमकं आहे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. शिसं कागदावर घासलं की करडी रेघ उठते, हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. हे त्याहून काळं. मग नाव पडलं 'ब्लॅक लेड', काळं शिसं. विद्वानांनी लॅटिनमधून 'प्लंबॅगो' केलं. प्लंबम म्हणजे शिसं. आपला प्लंबर याच शब्दाचा नातेवाईक, कारण जुने पाइप शिशाचे असायचे.

या काळ्या शिशाला भाव प्रचंड होता. तोफगोळे ओतायच्या साच्यांना आतून लावायलाही ते लागायचं. चोरी इतकी व्हायची, की 1752 मध्ये ब्रिटिश संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

उलगडा झाला 1779 मध्ये. स्वीडनमधल्या कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं, की हे शिसं नाहीच, हा कार्बनचा प्रकार आहे. दहा वर्षांनी, 1789 मध्ये, जर्मन अभ्यासक वेर्नरने त्याला नवं नाव दिलं: ग्रॅफाइट. ग्रीकमध्ये 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणं.

पुढे 1793 मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध पेटलं आणि फ्रान्सला इंग्लिश ग्रॅफाइट मिळेना. तेव्हा निकोला-जाक काँते पुढे आला. हायड्रोजनच्या प्रयोगात एक डोळा गमावलेला हा माणूस! त्याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत कालवली, कांड्या केल्या आणि भट्टीत भाजल्या. 1795 मध्ये पेटंट घेतलं. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी, कमी घातली की मऊ आणि काळी. तुमच्या कंपासमधली एचबी, टूबी ही सगळी याच मापाची लेकरं.

म्हणजे खरं नाव मिळून सव्वादोनशे वर्षं उलटली. तरी इंग्रजीत अजून 'लेड', जर्मनमध्ये 'ब्लायष्टिफ्ट' म्हणजे शिशाची कांडी, आणि आपल्याकडे शिसपेन्सिल. आमच्या कोडमध्येपण असं होतं. कुणीतरी पहिल्या दिवशी व्हेरिएबलला चुकीचं नाव देतं, ते शंभर फाइल्समध्ये पसरतं, मग रीनेम करायची कुणाची हिंमत होत नाही.

बरं, यात बिघडलं काय? बिघडलं हे, की आपण चुकीच्या जागी घाबरलो. 20व्या शतकात बराच काळ पेन्सिलीच्या बाहेरच्या रंगात खरोखरचं शिसं असायचं. म्हणजे टोकाला घाबरणारी मुलं मागची बाजू मजेत चावत होती! भारतात घरगुती रंगांमध्ये शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आला 2016 मध्ये. आणि शिशाचा खरा मारा होतो तो लहान मुलांच्या मेंदूवर. किती शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून ताईला दोन गोष्टी सांगितल्या. एक, जखम साबणाने धू. तुकडा आत राहिला असेल किंवा सूज आली तर डॉक्टरांकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचार. जखम ती जखमच. दुसरी, गावच्या घराच्या खिडकीचा जुना रंग पोपडे धरून पडतोय ना, त्याच्याजवळ धाकट्याला खेळू देऊ नकोस.

त्या खिडकीकडे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. तिच्या नावात शिसं नव्हतं ना!

तुमच्या हातावर आहे का असा ठिपका? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!