सिडनी कार्टन कुठून आला?

बी.ए.ला असताना चार्ल्स डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' वाचली, तेव्हा शेवटच्या पानांवर डोळे भरून आले होते. सिडनी कार्टन हा लंडनचा हुशार पण दारूत बुडालेला वकील. ल्यूसी मॅनेटवर त्याचं प्रेम, पण तिचं मन चार्ल्स डार्नेवर. ती दोघं लग्न करतात. कार्टन तिच्याकडे काहीच मागत नाही. तुझ्यासाठी आणि तुझ्या माणसांसाठी काहीही करीन, एवढंच सांगून ठेवतो. पुढे राज्यक्रांतीच्या पॅरिसमध्ये डार्नेला गिलोटिनची शिक्षा होते. दोघांचा चेहरा सारखा. कार्टन तुरुंगात शिरून डार्नेला बाहेर काढतो आणि त्याच्या जागी स्वतः मरतो. वाया गेलेल्या आयुष्याचं त्या एका कृतीनं सोनं होतं.

हा माणूस डिकन्सला सुचला कसा? उत्तर त्यानं प्रस्तावनेतच दिलंय. आपली मुलं आणि मित्र यांच्याबरोबर 'द फ्रोझन डीप' या नाटकात काम करताना ही कल्पना पहिल्यांदा मनात आली, असं तो सांगतो. गावच्या जत्रेच्या नाटकात ज्यांनी कधी तोंडाला रंग लावलाय, त्यांना हे लगेच पटेल. पडदा पडला तरी भूमिका अंगातून जात नाही.

हे नाटक डिकन्सचा मित्र विल्की कॉलिन्स याचं. पहिला प्रयोग जानेवारी 1857 मध्ये डिकन्सच्या लंडनमधल्या घरीच झाला. त्यातही त्रिकोणच. रिचर्ड वॉर्डरचं क्लारावर प्रेम, क्लाराचं फ्रँकवर. वॉर्डरनं आपल्या प्रतिस्पर्ध्याचा जीव घ्यायची शपथ घेतलेली. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात नेमके हे दोघेच एकत्र सापडतात. वॉर्डर त्याला मारत नाही. उलट त्याला वाचवून क्लारापर्यंत आणतो आणि तिच्यासमोर प्राण सोडतो. वॉर्डर होता डिकन्स, फ्रँक होता कॉलिन्स.

नाटकाला बर्फाळ प्रदेश का लागला, यालाही इतिहास आहे. 1845 साली सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन वायव्येकडचा सागरी मार्ग शोधायला गेला. त्याच्यासकट 129 माणसांपैकी एकही परतला नाही. 1854 साली डॉ. जॉन रे यानं तिथल्या इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिगत कळवली : शेवटी उपासमारीत त्या खलाशांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. इंग्लंड हादरलं. डिकन्सनं 'हाऊसहोल्ड वर्ड्स' या आपल्या साप्ताहिकात लेख लिहून हे नाकारलं. इंग्रज खलाशी असं करणारच नाहीत, रानटी लोकांच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्याचा सूर होता. वॉर्डरचा उदात्त त्याग म्हणजे रंगमंचावरून दिलेलं तेच उत्तर.

पण खरं इनुइटच बोलत होते. किंग विल्यम बेटावर सापडलेल्या खलाशांच्या हाडांवर सुरीचे घाव असल्याचं 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. 2014 साली 'एरेबस' समुद्रतळाशी सापडलं, तेही इनुइटांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या माहितीच्या आधारानं.

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट 1857 मध्ये मँचेस्टरच्या मोठ्या सभागृहात प्रयोग ठरले, तेव्हा घरच्या मुलींऐवजी व्यावसायिक नट्या घेतल्या. मारिया टर्नन क्लारा झाली. मरणाऱ्या वॉर्डरवर वाकून ती खरोखरच रडली. तिची धाकटी बहीण एलेन हिलाही छोटी भूमिका होती. एलेन 18 वर्षांची, डिकन्स 45 चा. तो तिच्यात गुंतला. 1858 साली त्यानं दहा मुलांची आई असलेल्या कॅथरीनशी फारकत घेतली आणि स्वतःची बाजू साप्ताहिकात छापून मोकळा झाला. पुढच्याच वर्षी, 30 एप्रिल 1859 पासून, 'ऑल द इयर राउंड' या नव्या साप्ताहिकात कार्टनची गोष्ट क्रमशः येऊ लागली.

म्हणजे रोज रात्री रंगमंचावर प्रेमासाठी मरणारा माणूस घरी मात्र बायकोला दूर करत होता. हे कळल्यावर मला कार्टनचा राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटतं, जे आपल्याला जमणार नाही हे डिकन्सला आतून ठाऊक होतं, ते त्यानं कार्टनकडून करवून घेतलं. पण कार्टनच्या मरणानं कार्टन शुद्ध झाला, डिकन्स नाही. कॅथरीनचं जे गेलं ते कादंबरीनं भरून येत नाही, आणि खरं बोलून खोटे ठरलेल्या इनुइटांचंही नाही.

परवा ती कादंबरी पुन्हा काढली. शेवटी डोळे भरलेच. फक्त या वेळी गिलोटिनकडे जाणाऱ्या कार्टनबरोबर मला कॅथरीनही आठवली.