काळोखातील काटे

मनगटी घड्याळ म्हटले की एखादी नाजूक, शोभिवंत वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु ४७ मिलिमीटर व्यासाच्या, थोराड बांध्याच्या घड्याळांवर जीव टाकणारे शौकीनही जगात आहेत. ते स्वतःला ‘पनेरिस्ती’ म्हणवितात. त्यांच्या या वेडाचे मूळ शोधू लागलो की आपण इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत जाऊन पोहोचतो.

जोव्हान्नी पनेराई यांनी १८६० साली तेथे घड्याळांचे दुकान थाटले. पुढे ही पेढी इटलीच्या नौदलास उपकरणे पुरवू लागली. काळोखात अंक उजळावेत म्हणून तिने रेडियमयुक्त लेप योजिला. त्याचेच नाव ‘राडिओमिर’. १९३६ साली नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी याच नावाच्या घड्याळाचे पहिले नमुने सिद्ध झाले. डबी व यंत्र रोलेक्सचे होते. गढूळ पाण्यात, रात्रीच्या काळोखात वेळ एका दृष्टिक्षेपात कळावी, म्हणून तबकडी मोठी. पोशाखाच्या बाहीवरून बांधता यावे, म्हणून पट्टा लांब. आकार आला तो गरजेपोटी, ऐटीपोटी नव्हे. रेडियम अपायकारक असल्याने पुढे हा लेप मागे पडला आणि १९४९ साली ‘लुमिनॉर’ या नव्या लेपाची नोंद झाली.

ज्या दलासाठी ही घड्याळे घडली, त्यातील सहा जण १९४१ च्या १८ डिसेंबरच्या रात्री मानवी टॉर्पेडोंवर स्वार होऊन अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. त्यांतील लुईजी दुरांद दे ला पेन्ने ब्रिटिशांच्या हाती सापडले. ‘वॅलियंट’ या युद्धनौकेच्या तळाशी त्यांनीच स्फोटके ठेविली होती. त्याच नौकेच्या पोटात त्यांना कोंडण्यात आले. ते मौन राहिले. स्फोटास थोडा अवधी उरला, तेव्हा मात्र खलाशांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी कॅप्टन चार्ल्स मॉर्गन यांना सावध केले. स्फोटके कोठे आहेत, हे सांगितले नाही. ‘क्वीन एलिझाबेथ’ या दुसऱ्या नौकेवर त्या पहाटे माणसे दगावलीच. तथापि १९४५ साली तारांतो येथे दे ला पेन्ने यांच्या छातीवर शौर्यपदक लाविले, ते मॉर्गन यांनीच.

१९९३ साली पनेराईची घड्याळे प्रथमच सामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आली. आज ती लक्षावधी रुपयांना विकली जातात. ती बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांना कधी काळोख्या पाण्यात उतरायचे नसते. तरीही या शौकास आम्ही केवळ श्रीमंती मिरविणे म्हणणार नाही. जुन्या वस्तूंच्या ओढीने माणूस इतिहासाजवळ येतो. मात्र त्या रुंद तबकडीची थोरवी सांगताना, उरलेली मिनिटे मोजून शत्रूचे प्राण वाचवू पाहणाऱ्या त्या कैद्याचीही आठवण व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.